अँजिओग्राफी नॉर्मल, छाती मात्र दुखतेच: पुढे काय करायचं?

‘ब्लॉकेज नाही’ हे उत्तर फक्त मोठ्या रक्तवाहिन्यांपुरतं असतं. अँजिओग्राफीत साधारण अर्ध्या मिलिमीटरहून जाड वाहिन्याच नीट दिसतात. हृदयाच्या स्नायूला किती रक्त सोडायचं हे ठरवणाऱ्या वाहिन्या त्याहून बारीक, त्या तिथे उमटतच नाहीत. म्हणून ‘गॅस असेल’ म्हणत फाइल कपाटात टाकू नका.

बिघाड बहुधा आतल्या अस्तरात असतो. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करतं आणि त्यामुळे वाहिनी सैलावते. तंबाखू, मधुमेह, बीपी, संधिवातासारखा दीर्घकाळचा दाह यांनी सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचा एक आक्रमक रेणू) वाढतं. ते नायट्रिक ऑक्साइडला गाठून पेरॉक्सिनायट्राइट हा घातक पदार्थ बनवतं, आणि पुढे नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइमच बिघडून स्वतः सुपरऑक्साइड सोडू लागतं. मग जिना चढताना रुंदावायला हवी ती वाहिनी तशीच राहते, कधी उलट आकसते. पाळी थांबलेल्या बायकांमध्ये हे बरंच आढळतं, आणि तिथेच ‘टेन्शन घेता’ हे निदानही सर्रास मिळतं.

आधी दोन आठवडे वही ठेवा: दुखणं किती वाजता, काय करताना, किती मिनिटं, जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवल्यावर किती वेळात थांबलं. श्रमाने सुरू होऊन थांबल्यावरही रेंगाळणारं दुखणं बारीक वाहिन्यांकडे बोट दाखवतं. पहाटे, पडल्या पडल्या येणारं दुखणं स्पॅझमकडे, म्हणजे वाहिनी अचानक आकसण्याकडे. बोटाने दाबून तिथेच दुखत असेल तर बहुधा स्नायू किंवा बरगडी. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड याच वेळी तपासून घ्या.

दाह मोजायला सीआरपी ही रक्ततपासणी असते; ती ‘हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी’ असं स्पष्ट लिहून घ्या. साध्या सीआरपीत हे बारीक आकडे नीट कळत नाहीत. लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत धोका कमी, ३ च्या वर जास्त. १० च्या वर आला तर सर्दी, दाढ, लघवीचा संसर्ग असं काही चालू आहे का ते आधी पाहा आणि दोन-तीन आठवड्यांनी परत करा. हा आकडा धोका सांगतो, छातीतल्या दुखण्याचं निदान करत नाही. ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ची महागडी पॅकेजेस करू नका; त्यावरून औषध बदलत नाही.

निदान होतं ते वाहिन्यांचं काम मोजून. हृदयाच्या स्नायूला रक्त किती पोचतं ते दाखवणारा परफ्यूजन एमआरआय किंवा पेट (PET) स्कॅन हा एक मार्ग. दुसरा कॅथलॅबमधला, म्हणजे अँजिओग्राफी होते त्या खोलीतला: अ‍ॅडेनोसिन हे वाहिन्या रुंदावणारं औषध देऊन रक्तप्रवाह किती पट वाढतो ते पाहतात (दोन-अडीच पटींहून कमी म्हणजे बिघाड), आणि अ‍ॅसिटिलकोलिन देऊन स्पॅझम येतो का ते तपासतात. हे सगळीकडे होत नाही, म्हणून अँजिओग्राफी ठरतानाच विचारा. अ‍ॅडेनोसिन असेल तर आधी २४ तास चहा-कॉफी, कोला बंद. नाहीतर औषधाचा परिणामच दबतो आणि आकडा चुकतो. बीपी-हृदयाच्या कोणत्या गोळ्या थांबवायच्या ते डॉक्टरांनीच सांगावं.

प्रकार कळणं महत्त्वाचं, कारण औषधं वेगळी. बारीक वाहिन्यांच्या त्रासात बहुधा बीटा ब्लॉकरने सुरुवात होते. स्पॅझममध्ये कॅल्शियम चॅनल ब्लॉकर लागतात, तिथे काही बीटा ब्लॉकर त्रास वाढवू शकतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधल्या कॉरमायका चाचणीत, अशा तपासणीनुसार औषध दिलेल्यांचा छातीचा त्रास सहा महिन्यांत जास्त कमी झाला. स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि एसीई इनहिबिटर (बीपीची गोळी) अस्तरासाठी दिले जातात. ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे’ म्हणून स्वतःहून बंद करू नका.

व्हिटॅमिन ई, सी यांच्या गोळ्यांवर पैसे घालू नका. होप या मोठ्या चाचणीत रोज ४०० युनिट ई देऊनही हृदयाला फायदा दिसला नाही. सुपरऑक्साइड नायट्रिक ऑक्साइडला इतक्या झपाट्याने गाठतं की गोळी मध्ये पोचतच नाही. सुपरऑक्साइड वाढवणारे स्रोत, म्हणजे तंबाखू आणि दाह, बंद करणं हाच उपाय. मिश्री त्यात धरा: दात घासण्यापुरती असली तरी ती भाजलेली तंबाखूच. हिरड्यांतून रक्त येत असेल तर तोही दाहच, दातांच्या डॉक्टरांकडे जा. ‘दाह कमी करते’ म्हणून कोल्चिसिन ही गाउटची गोळी मनाने सुरू करू नका: तिच्या मोठ्या चाचण्या सिद्ध हृदयविकार असलेल्यांवर झाल्या आहेत, आणि किडनी कमजोर असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर ती विषारी ठरू शकते.

एक मात्र लक्षात ठेवा: अँजिओ नॉर्मल असूनही हार्ट अटॅक येऊ शकतो. विश्रांतीतही न थांबणारं, १५-२० मिनिटं चाललेलं, घाम किंवा दम लागलेलं दुखणं असेल तर वही बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा.