शॉवरच्या पडद्यावरचा पांढरा थर आणि काळे ठिपके : माझा अनुभव

बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम साबणाशी मिळून पडद्यावर चिवट पांढरा थर बसवतं. घासून तो निघत नाही, उलट प्लॅस्टिकवर ओरखडे पडतात आणि मळ त्यातच धरतो. थर विरघळवावा लागतो. बादलीत एक भाग पांढरं व्हिनेगर, तीन भाग कोमट पाणी घेऊन पडदा तासभर बुडवला, मऊ स्पंजने पुसला की थर सुटतो. गरम पाणी नको, प्लॅस्टिक आकसतं.

खालच्या शिवणीतले काळे ठिपके म्हणजे बुरशी. पांढऱ्या पडद्याला लिटरभर पाण्यात दोन चमचे ब्लीच, दहा मिनिटं, मग भरपूर पाणी. रंगीत पडद्याला ब्लीच लावू नका. व्हिनेगर पूर्ण धुऊन गेल्याशिवाय तर ब्लीच हातातही घेऊ नका. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

कापडी पडदा मशीनमध्ये दोन जुन्या टॉवेलांबरोबर टाकावा, टॉवेलच त्याला घासतात. प्लॅस्टिकचा असेल तर स्पिन बंद.

बुरशी परत येते ती बहुधा घडीमुळे: अंघोळीनंतर पडदा गोळा करून ठेवला की चुण्यांत ओल राहते. पूर्ण पसरवा, एक्झॉस्ट अर्धा तास चालू ठेवा, आणि खालची कड फरशीपासून दोन बोटं वर राहील अशी टांगा.