गरम पाण्याची सोय बदलण्याआधी पाइप मोजा

थंडी पडायला लागली की बेळगावात पाणी तापवायच्या सोलरच्या आणि गिझरच्या दुकानांत गर्दी होते आणि मला जो तो विचारतो, "मामा, कुठलं बसवूया?" मी शहापूर, वडगाव, अनगोळ भागात प्लंबिंगची कामं करतो, खानापूरकडच्या गावांतही जातो. माझं सांगणं ठरलेलं आहे. कुठलं ते मागनं बघू, आधी न्हाणीत चला.

सकाळी कुणाचीच आंघोळ झालेली नसताना रिकामी बादली गरम नळाखाली ठेवा आणि नळ पूर्ण सोडा. हाताला ऊन लागेपर्यंत जेवढं गार पाणी येतं तेवढं बादलीत धरा, मग लिटरच्या मापानं मोजा. ते पाणी नळाचं गार पाणी नव्हे. काल ते तापलेलंच होतं, पाइपात थांबून निवलं. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लास्टिकच्या) पाइपात मीटरमागे साधारण पाव लिटर पाणी मावतं, अर्ध्या इंचीत त्याच्या निम्मं.

आपल्या जुन्या गल्ल्यांतली घरं कशी असतात ते ठाऊक आहेच. रुंदी कमी, लांबी भरपूर, पुढं सोपा आणि मागं परसाला लागून न्हाणी. जिना पुढं असतो म्हणून सोलरही पुढच्या स्लॅबवर चढतं. वडगावात अशाच एका घरी टाकीपासून न्हाणीच्या नळापर्यंतचा पाइप २२ मीटर भरला. म्हणजे पाइपात साडेपाच लिटर. घरात सहा माणसं. सगळ्यांच्या आंघोळी पाठोपाठ झाल्या असत्या तर ते पाणी एकदाच वाया गेलं असतं. पण एकजण पहाटे विणकामाच्या मागावर जाणारा, पोरं कॉलेजची, आजींची आंघोळ दहाला. दर खेपेला पाइप निवलेला आणि दर खेपेला साडेपाच लिटर मोरीत. दिवसाला तीसेक लिटर तापलेलं पाणी असंच जायचं. त्या घरच्या काकींना दुकानात मोठी टाकी घ्यायला सांगितलं होतं. आम्ही टाकी तीच ठेवली, फक्त स्टँड मागच्या स्लॅबवर न्हाणीच्या डोक्यावर नेला. पाइप सहा मीटरवर आला आणि त्याला काळ्या फोमची नळी चढवली. नवं यंत्र न घेता सहा माणसांचं भागलं.

म्हणून पहिलं काम हेच. यंत्र न्हाणीच्या जवळ आणा, गरम पाइप आखूड करा, उघड्या पाइपाला फोम चढवा. गच्चीवर फोम उन्हानं भुगा होतो, त्यावर टेप किंवा पत्र्याचं वेष्टण हवंच. एकच न्हाणी असेल आणि टाकी चांगली उंचावर असेल तर गरम लाइन अर्ध्या इंचीची टाकायलाही हरकत नाही. धार थोडी बारीक होईल, पण पाणी लवकर येईल. गरम लाइनला साधा पीव्हीसी मात्र कधी वापरू नका, सोलरच्या पाण्यानं तो मऊ पडतो आणि सांधे सुटतात.

आता विजेचा हिशेब. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला किती ऊर्जा लागते हे ठरलेलं आहे, त्यात कुठल्याही कंपनीचं कसब चालत नाही. चार माणसं, माणशी २० लिटरची एक बादली, गार पाणी २२ अंशांचं आणि आंघोळीला ४२ अंशांचं. एवढ्याला सुमारे १.९ युनिट लागतात. गिझरच्या अंगातून झिरपणारी ऊब धरली तर दिवसाला दोन युनिट, महिन्याला ६०.

कर्नाटकात हा आकडा फार महत्त्वाचा आहे. २०२३ मध्ये गृहज्योती योजना आली, तेव्हापासून २०२२-२३ च्या सरासरी वापरावर १० टक्के वाढ धरून बहुतेक घरांची फुकट विजेची मर्यादा ठरली आहे. त्या मर्यादेच्या वर गेलात तर जादा युनिटचे पैसे भरायचे, आणि २०० युनिट ओलांडले तर सगळंच बिल आपलं. उन्हाळ्यात दीडशेवर थांबणारं घर थंडीत दोनशेच्या पलीकडं जातं ते बहुतेक वेळा गिझरमुळंच. हेस्कॉमची, म्हणजे आपल्या वीज कंपनीची, मागची बिलं काढा आणि एप्रिलचे युनिट डिसेंबरच्या युनिटांशेजारी ठेवून बघा. पंख्याचा वापर कमी झालेला असूनही आकडा चढलेला दिसला तर तो बहुतेक पाण्याचाच खर्च आहे.

गिझर काढायचा नसेल तरी त्यात सुधारणा होते. बादलीत निम्मं गार पाणी मिसळावं लागत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी किती तापवायचं ते ठरवणारं बटण, खाली आणा. १५ लिटरचा दोन किलोवॅटचा गिझर २० अंशांवरून ६० अंशांवर जायला वीसेक मिनिटं घेतो, त्याला तासभर आधी चालू करून ठेवण्यात अर्थ नाही. पुष्कळ घरांत तो रात्रभर चालू असतो. नवा घेताना ताऱ्यांचं लेबल बघा. साठवणीच्या गिझरला तारे मिळतात ते त्याच्यातली ऊब किती कमी झिरपते त्यावर, म्हणून जास्त तारे घ्या आणि टाकी गरजेपेक्षा मोठी घेऊ नका.

माझ्या मते ज्याच्या डोक्यावर स्वतःचं छप्पर आहे त्यानं सोलरच बसवावं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी, जेव्हा आंघोळीला खरोखर कढत पाणी लागतं, तेव्हा आभाळ स्वच्छ असतं. आणखी काय पाहिजे?

जागा बघताना सावली डिसेंबरातली धरा. मे महिन्यात गच्चीवर उभं राहून "ऊन भरपूर आहे की" म्हणून उपयोग नाही. डिसेंबरच्या शेवटी बेळगावात दुपारी साडेबाराला सूर्य दक्षिणेकडं कलून ५० अंशांच्या आसपासच उंच असतो. त्या वेळी १० फुटी भिंतीची सावली आठ फुटांपर्यंत पडते, सकाळी आणि संध्याकाळी त्याहून कितीतरी लांब. दक्षिणेला शेजाऱ्यांचा वरचा मजला किंवा नारळ असेल तर स्टँड त्यापासून दूर उत्तरेला सरकवा. तोंड दक्षिणेला, कल २५ ते ३० अंशांचा.

काचेच्या नळ्यांचं सोलर घ्यावं की सपाट पत्र्याचं, हे तुमच्या पाण्यावर ठरवा. राकसकोप किंवा हिडकल धरणाचं नळाचं पाणी असेल तर दोन्ही चालतात. बोअरचं पाणी असेल तर रोज पाणी तापवायच्या भांड्याच्या आत हात फिरवा. खरखरीत पांढरा थर लागला तर सपाट पत्र्यातल्या बारीक तांब्याच्या नळ्या काही वर्षांत तशाच बुजणार. अशा पाण्याला काचेच्या नळ्यांचं सोलर बरं, किंवा मग ज्यात आपलं पाणी तांब्याच्या नळ्यांत जातच नाही असं हीट एक्स्चेंजरचं सपाट सोलर. अथणी-चिकोडीकडच्या पाहुण्यांना मी सरळ काचेच्या नळ्याच सांगतो. खानापूर भागात उलटा त्रास, माकडांचा. काचेवर उड्या मारून नळ्या फोडतात. तिथं वर जाळी मारा किंवा कडक काचेचं सपाट सोलर घ्या.

बसवताना तीन जागी स्वतः उभं राहा. गार पाण्याच्या टाकीचं बूड सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा वर पाहिजे, नाहीतर सोलरची टाकी पूर्ण भरतच नाही. सोलरच्या टाकीचा हवेचा पाइप गार टाकीच्या पाण्याच्या पातळीच्याही वर न्यायचा आणि तो कधी बंद करायचा नाही. आणि काचेच्या नळ्यांत पाणी भरायचं ते पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर. भर उन्हात तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी सोडलं तर ती तडकते. कामगारांना घाई असते, त्यांना चहा द्या, पण दुपारी पाणी भरू देऊ नका.

"सोलर आहे पण पाणी गरम येऊलालं नाही की" अशी तक्रार आली तर मी गच्चीवर जायच्या आधी मिक्सर बघतो. शॉवरच्या मिक्सरचे दोन्ही नळ उघडे आणि पुढची तोटी बंद राहिली तर गार पाणी जोरानं गरम लाइनमध्ये शिरतं आणि सगळ्या घराचं पाणी कोमट होतं. गरम लाइनला पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह टाका, त्रास मिटतो.

एक गैरसमज फार पसरलाय. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेचं अनुदान, तीन किलोवॅटला ७८,००० रुपये, हे वीज तयार करणाऱ्या पॅनेलला आहे. पाणी तापवणाऱ्या सोलरला ते मिळत नाही. दुकानदार "अनुदान येतंय" म्हणाला तर कशाचं ते आधी विचारा.

पावसाळ्याचं काय? बेळगावात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही आणि जांबोटी-कणकुंबीकडं तर विचारूच नका. दुसरी सोय लागतेच. बहुतेक ठिकाणी सोलरच्या टाकीतच विजेची कॉइल बसवून देतात. मी नको म्हणतो. २०० लिटरची टाकी २२ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला जवळजवळ नऊ युनिट लागतात, आणि आंघोळ कदाचित दोघांचीच असते. त्यापेक्षा न्हाणीत छोटा गिझर ठेवा आणि जेवढं पाहिजे तेवढंच तापवा. सोलरचीच लाइन त्या गिझरमधून नेता येते, कोमट पाण्याला पुढची ऊब तो देतो. फक्त येणारं पाणी किती अंशांपर्यंत चालतं ते गिझरच्या पुस्तकात बघून घ्या.

आणि घरात तांब्याचा बंब असेल तर मोडीत घालू नका. दुकानात तांब्याचे पैसे मिळतात म्हणून कितीतरी बंब गेले, मला त्याचं वाईट वाटतं. बंबाची नळी मधून जाते आणि पाणी तिच्या भोवती असतं, त्यामुळं जाळ उघड्या चुलीसारखा बाजूनं पळत नाही, त्यातली बरीच ऊब पाण्यात उतरते. नारळाची सोडणं, करवंट्या, झाडांच्या वाळक्या फांद्या असं घरचंच सरपण असलेल्यांना पावसाळ्याचे चार महिने तो चांगला उपयोगी पडतो. जळण वाळलेलंच पाहिजे. बंब बंद न्हाणीत पेटवू नका, परसात पत्र्याखाली ठेवा. आणि पाणी भरल्याशिवाय जाळ लावू नका, सांधे सुटले की तो गळायला लागतो.

हीट पंपाबद्दल हल्ली विचारणा होते. तो हवेतली ऊब ओढून पाण्यात सोडतो, म्हणून त्याच कामाला गिझरच्या साधारण एक तृतीयांश वीज घेतो. वरच्या हिशेबातले महिन्याचे ६० युनिट वीसवर येतील. पण किंमत जास्त, आवाज होतो आणि मोकळी हवा लागते. एकत्र कुटुंब, खानावळ, पोरांचं हॉस्टेल असेल तर जरूर विचार करा. चार माणसांच्या घराला छप्पर असेल तर सोलरच बरं.

गॅस गिझरबद्दल मी हात जोडून सांगतो. बंद बाथरूममध्ये तो लावू नका. आतली हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गरगरतं आणि कडी काढायच्या आत तो खाली पडतो. "खिडकी आहे की" म्हणतात, पण थंडीत ती खिडकी कोण उघडी ठेवतो? बसवायचाच असेल तर बाथरूमच्या बाहेर, उघड्या जागी बसवा आणि आत फक्त पाइप न्या. घरमालक ऐकत नसेल तर मी ते काम घेत नाही.

देखभाल फार नाही. दसऱ्याला गाड्या आणि हत्यारं धुता त्याच दिवशी सोलरची काचही सकाळी लवकर, ती गार असताना धुवा. पावसाचं शेवाळ आणि धूळ निघून जाते आणि थंडी सुरू व्हायच्या आत ती तयार होते. वर्षातून एकदा टाकीच्या खालची तोटी सोडून गाळ काढा. गिझरमध्ये मॅग्नेशियमची एक कांडी असते, टाकीऐवजी ती झिजते. बोअरचं पाणी असेल तर दरवर्षी उघडून बघा आणि पेन्सिलीएवढी बारीक झाली असेल तर बदला. ती संपल्यावर गंज सरळ टाकीला लागतो.