नावावरून भांडण: छोट्या खाद्यव्यावसायिकांनो, या चुका टाळा

‘आमची कोठेही शाखा नाही.’ पुण्यातल्या या पाटीवर विनोद पुष्कळ झाले, पण ती लावणाऱ्याची पंचाईत फारशी कुणी विचारात घेत नाही. दोन गल्ल्या सोडून त्याच नावाचं दुसरं दुकान निघतं, गिऱ्हाईक तिथला खवट चिवडा घेतं आणि भांडायला मात्र याच्याकडे येतं. पाटी गिऱ्हाइकाला सावध करते. दुसऱ्या दुकानदाराला ती थांबवू शकत नाही. त्यासाठी कागद लागतो, आणि बहुतेकांनी नेमका भलताच कागद जपून ठेवलेला असतो.

शॉप ॲक्ट म्हणजे नावाचा सातबारा नव्हे

ही चूक इतकी सर्रास दिसते की पहिला मान तिचाच. ‘नाव आमचं रजिस्टर आहे’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं की मी कागद दाखवायला सांगतो. समोर येतो शॉप ॲक्टचा दाखला, नाहीतर उद्यम प्रमाणपत्र, फूड लायसन्स किंवा जीएसटी. यातलं प्रत्येक आवश्यकच आहे, पण नावावर हक्क यातलं एकही देत नाही. फूड लायसन्स देताना त्याच नावाचं दुसरं कुणी आहे का, हे तपासलं जात नाही. कंपनी नोंदवली किंवा वेबसाइटचं नाव विकत घेतलं, तरी नावावर हक्क मिळत नाहीच.

नावाची नोंदणी होते ट्रेडमार्क कायदा, १९९९ खाली. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीचं कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे, पण अर्ज घरबसल्या ऑनलाइन करता येतो. एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क एका वर्गासाठी, म्हणजे मालाच्या किंवा सेवेच्या एका प्रकारासाठी, ४,५०० रुपये आहे. नोंदणी १० वर्षं टिकते आणि पुढे नूतनीकरण करता येतं. अर्जाआधी सरकारी संकेतस्थळावर शोध घ्या. तो फुकट आहे. उच्चारावरून शोधायची सोयही तिथे आहे, ती जरूर वापरा. ‘स्वाद’ शोधून ‘स्वादम्’ सापडला नाही म्हणून खूश होण्यात अर्थ नाही.

‘नोंदणी नाही, म्हणजे संपलंच’

वरचं वाचून आता उलट्या टोकाला जाऊ नका. आपल्या कायद्यात नाव आधी कोणी वापरलं याला मोठं वजन आहे. तिरुनेलवेलीचा ‘इरुट्टुकडै हलवा’ ठाऊक असेल. इरुट्टुकडै म्हणजे अंधारं दुकान. मिणमिणत्या उजेडात हलवा विकणारं शंभर वर्षांहून जुनं दुकान म्हणून लोकांनीच ते नाव पाडलं. दुसऱ्या एकाने ‘तिरुनेलवेली इरुट्टुकडै हलवा’ असं नाव घेतलं आणि त्याचीही नोंदणी मिळवली. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१५ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की आधीपासून नाव वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीधारकाच्या हक्काहून वरचा आहे.

पण ‘आधीपासून’ हे दाखवायचं कशाने? खरी गोची इथे होते. आजीच्या काळापासून मसाले कुटतोय, हे सगळं गाव जाणतं. पण कोर्टाला तारखेचा कागद लागतो. पहिल्या पाऊचच्या छपाईचं बिल, लेबलचं डिझाइन ज्या ईमेलने आलं तो ईमेल, भीमथडी किंवा महालक्ष्मी सरसमधल्या स्टॉलची पावती, दुकानदाराला दिलेलं चलन, स्थानिक पेपरातली दिवाळीची जाहिरात. नाव आणि तारीख दोन्ही दिसणारं जे असेल ते सगळं एका फाइलीत घाला. थर्मल कागदावरची बिलं हळूहळू कोरी पडतात, त्यांची झेरॉक्स आजच काढून ठेवा. बचत गटांत हिशेबाची वही चोख असते, पण तिच्यात गटाचं नाव असतं, मसाल्याचं नसतं. बिलावर ब्रँडचं नाव लिहायला सुरुवात करा, एवढंच.

याच्याच पोटातली आणखी एक चूक. अर्ज भरताना वापर कधीपासून, असा रकाना येतो. एजंट घाईत तिथे ‘प्रपोज्ड टू बी यूज्ड’, म्हणजे पुढे वापरायचं आहे, असं टाकून मोकळा होतो, कारण वापराची तारीख दिली की प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात. समजा तुम्ही २०१४ पासून विकताय आणि अर्जात ‘अजून सुरू नाही’ असं आहे. उद्या २०१८ वाला समोर उभा राहिला की तुमचाच अर्ज तुमच्याविरुद्ध साक्ष देईल. ती तारीख मागाहून मागे नेणं महाकठीण. अर्ज पाठवण्यापूर्वी हा एक रकाना स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.

अस्सल, घरगुती, कोल्हापुरी

‘अस्सल घरगुती कोल्हापुरी मसाला’ हे नाव छान आहे, फक्त त्यातला एकही शब्द तुमच्या एकट्याचा नाही. मालाचा गुण किंवा गाव सांगणाऱ्या शब्दांवर मक्तेदारी मिळत नाही. नूडल्समधल्या ‘मॅजिक मसाला’ आणि ‘मॅजिकल मसाला’वरून आयटीसी आणि नेस्ले यांच्यासारख्या दांडग्या कंपन्या भांडल्या, तरी २०२० मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने आयटीसीचा दावा फेटाळला. कौतुकाचे, सगळा व्यापार वापरतो असे हे शब्द. देवादिकांच्या नावांचंही असंच. तुपाच्या धंद्यात ‘कृष्ण’ नावावर एकट्याचा दावा दिल्ली उच्च न्यायालयात टिकला नाही. ‘हापूस’ तर भौगोलिक मानांकन असलेलं नाव, ते ब्रँड म्हणून घ्यायला जाऊच नका.

आडनाव ही मात्र नाजूक बाब आहे. स्वतःचं आडनाव प्रामाणिकपणे वापरायला कायदा मुभा देतो. सगळा भर त्या ‘प्रामाणिकपणे’वर आहे. गाजलेल्या आडनावाच्या जोडीला तसाच माल, तसाच रंग आणि तशीच अक्षरं आली, तर मुभा पातळ होते. २०२५ मध्ये पुण्यात बाकरवडीवरून ‘चितळे’ नावाचा वाद पोलिसांत गेला, तो असल्याच गुंत्यातून. आडनाव वापरायचंच असेल तर पुढे स्वतःचं वेगळं नाव जोडा, आणि तेही आडनावाएवढ्याच मोठ्या अक्षरांत.

एक अक्षर बदललं की झालं?

नाही. १९५९ सालीच सर्वोच्च न्यायालयाने ‘ग्लुकोव्हिटा’ हे नाव आधीपासून असताना बिस्किटांना ‘ग्लुव्हिटा’ नाव नोंदवू दिलं नाही. तिथली कसोटी आजही चालते: साधा माणूस, अर्धवट आठवण. तो दोन्ही पुडे शेजारी ठेवून भिंगातून पाहत नाही. १९७२ च्या पार्ले प्रकरणात तर वाद वेष्टनाचा होता. पार्लेच्या पुड्यावर मुलगी, गाई, कोंबड्या. म्हैसूरच्या कंपनीच्या पुड्यावरही मुलगी, गाई, कोंबड्या. बारीकसारीक फरक होते, तरी निकाल पार्लेच्या बाजूने लागला. तेव्हा ‘त्यांचं इंग्रजीत आहे, आमचं मराठीत’ ही सबब काढू नका. उच्चार एकच असतो.

वर्ग एकच घेतला

मसाले, पीठ, फरसाण ३० व्या वर्गात, लोणची आणि दुधाचे पदार्थ २९ मध्ये, सरबतं ३२ मध्ये, हॉटेल आणि खानावळ ४३ मध्ये. कोकम आगळ विकणाऱ्याने फक्त ३० घेतला, असं मी पाहिलं आहे. दुसरीकडे, वर्ग एकच असला की वाद जिंकलाच, असंही नाही. कर्नाटकातल्या ‘नंदिनी’ दूध महासंघाने ‘नंधिनी’ नावाच्या उपाहारगृहांच्या नोंदणीला हरकत घेतली होती. वर्ग एकच असूनही २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपाहारगृहांच्या बाजूने कौल दिला.

तारखा

ट्रेडमार्क कार्यालयाचा तपासणी अहवाल मिळाल्यापासून १ महिन्यात उत्तर. कार्यालयाच्या जर्नलमध्ये (अर्ज जाहीर करणाऱ्या सरकारी पत्रिकेत) जाहिरात आल्यापासून ४ महिने कुणालाही हरकत घेता येते. हरकतीची प्रत मिळाल्यापासून २ महिन्यांत तुमचं प्रतिउत्तर गेलं नाही, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. ही सगळी पत्रं अर्जातल्या ईमेलवर येतात, आणि तो ईमेल बऱ्याचदा फोन न उचलणाऱ्या एजंटचा असतो. स्वतःचा ईमेल द्या. आणि नोंदणी हाती येईपर्यंत वर्तुळातला ‘आर’ छापू नका, ते बेकायदा आहे. तोवर ‘टीएम’ चालतो.

नोटीस आली

पहिल्या दिवशी करायचं काम म्हणजे गप्प बसणं. फेसबुकवर ‘मोठे लोक छोट्यांना छळतात’ असं लिहू नका, आणि घाबरून व्हॉट्सॲपवर ‘सॉरी, नाव बदलतो’ असंही पाठवू नका; दोन्ही पुढे फाइलीत लागतं. नोटिशीतला नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर पाहा: नोंदणी खरंच झाली आहे की नुसता अर्ज आहे, वर्ग कोणता, वापर कधीपासूनचा. मग आपली फाइल घेऊन वकिलाकडे जा. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. समन्स आलं तर मात्र त्या तारखेला हजर राहायलाच हवं, नाहीतर तुमच्या पाठीमागे अंतरिम मनाई, म्हणजे निकालापूर्वीची तात्पुरती बंदी, होते आणि ऐन दिवाळीत छापलेली पाकिटं गोदामात पडून राहतात.

आपली बाजू भक्कम असली तरी वेळेचा हिशेब मांडा. पुण्यातल्या ‘बर्गर किंग’ला अमेरिकी कंपनीने २०११ मध्ये कोर्टात खेचलं. पुण्याचं उपाहारगृह १९९२ च्या सुमाराचं, कंपनी भारतात आली २०१४ मध्ये. जिल्हा न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दावा फेटाळला, डिसेंबरात उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई केली, आणि तिथूनही प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. छोट्या धंद्याला एवढी वर्षं पेलत नाहीत. रंग बदलणं, नावाला एक शब्द जोडणं, तालुके वाटून घेणं, असं लेखी समझोत्यात बसत असेल तर बसवा.

नोटीस पाठवायची पाळी तुमच्यावर असेल, तर ‘बघू पुढं’ म्हणत बसू नका. दुसऱ्याने प्रामाणिकपणे नोंदवलेलं नाव तो वापरतो आहे हे माहीत असून सलग ५ वर्षं गप्प राहिलात, तर त्याला थांबवायचा हक्क सहसा जातो.

भावाभावांत

वाटणीपत्रात भट्टी, कढया, फ्रीज, उधारी सगळं येतं. नाव येत नाही, कारण तेव्हा ते कुणाला मालमत्ता वाटतच नाही. हल्दिराम घराण्यात १९७४ च्या कागदाने पश्चिम बंगाल एका शाखेकडे आणि बाकीचा देश दुसरीकडे गेला होता. तरी पुढे दिल्लीतल्या दुकानावरून कोर्टकचेरी झालीच आणि २००० मध्ये ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली. लिहून ठेवलेल्यांची ही कथा. तुमच्याकडे धाकटा वेगळा होत असेल, तर नाव कोण वापरणार, कोणत्या पदार्थांसाठी, कोणत्या गावांत, आणि नोंदणी कुणाच्या नावे राहणार हे त्याच कागदावर लिहा. नोंदणी आधीच वडिलांच्या नावावर असेल, तर हस्तांतराची नोंद ट्रेडमार्क कार्यालयातही करून घ्या, नुसत्या नोटरीवर सोडू नका.