जे-१ वर जाताय? डीएस-७००२ कोळून प्या

हॉटेल मॅनेजमेंटची पदवी, त्यानंतर वर्षभर नोकरी, आणि मग 'ट्रेनी' म्हणून मी जे-१ या देवाणघेवाणीच्या (एक्स्चेंज) व्हिसावर अमेरिकेला गेले. परत आल्यापासून ज्युनियर मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, अमेरिकेचं सरकार किती पैसे देतं?"

एक छदामही नाही. जे-१ ची व्यवस्था १९६१ च्या फुलब्राइट-हेज कायद्यावर उभी आहे, पण म्हणून ट्रेनीला पैसे मिळत नाहीत. फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्ती मिळाली तर गोष्ट वेगळी, त्यात खर्च निघतो. अमेरिकी सरकारच्या स्वतःच्या कार्यक्रमांना सेविस फीही (परदेशातून येणाऱ्यांच्या सरकारी नोंदणीची फी) माफ असते. आपण मात्र ते २२० डॉलर मुकाट्याने भरायचे. आपल्या वाट्याला सरकार येतं ते नियमांच्या रूपात.

म्हणून एजंटला आधी स्पॉन्सरचं, म्हणजे तुमचा जे-१ कार्यक्रम चालवणाऱ्या संस्थेचं, नाव विचारा आणि ते अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या यादीत स्वतः शोधा. जे-१ व्हिसासाठी लागणारा डीएस-२०१९ हा फॉर्म फक्त मान्यताप्राप्त स्पॉन्सरच देऊ शकतो, एजंट नाही.

मग येतो डीएस-७००२, म्हणजे तुमचा ट्रेनिंग प्लॅन. मुलं यावर न वाचता सही करतात. मीही केली होती. हॉटेलातलं ट्रेनिंग सहा महिने किंवा जास्त असेल तर किमान तीन विभागांत फिरवणं बंधनकारक आहे. माझ्या कागदावर बँक्वेट, फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग असा क्रम होता. पाचवा महिना उजाडला तरी मी बँक्वेटमध्ये टेबलक्लॉथच घालत होते. मॅनेजर म्हणायचा, "पुढच्या आठवड्यात." शेवटी प्लॅनचं ते पान आणि ड्युटी रोस्टरचे फोटो जोडून स्पॉन्सरला मेल केला. रडगाणं नाही, फक्त तारखा. दहा दिवसांत मी फ्रंट डेस्कवर. त्यामुळे हा फॉर्म फोनमध्ये ठेवाच. हॉटेल ऐकत नसेल तर स्पॉन्सर, आणि स्पॉन्सरही ऐकत नसेल तर परराष्ट्र खात्याची जे-१ हेल्पलाइन.

पहिली पगाराची स्लिप नीट बघा. नॉन-रेसिडेंट (करासाठी अमेरिकेचा रहिवासी न धरलेल्या) ट्रेनीचा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कर कापायचा नसतो. दोन्ही मिळून ७.६५ टक्के होतात. पेरोलवाल्यांना हे बरेचदा माहीत नसतं. मला दोनदा सांगावं लागलं. फेडरल इन्कम टॅक्स मात्र कापला जातो, त्यावर वाद घालू नका.

व्हिसावर २१२(ई), म्हणजे मायदेशी परतायची अट, लिहिलंय का, तेही तपासा. असेल तर मायदेशी दोन वर्षं राहिल्याशिवाय किंवा सूट मिळवल्याशिवाय एच-१बी हा नोकरीचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड नाही. डिसेंबर २०२४ मध्ये भारताचं नाव कौशल्य-यादीतून (ज्या देशांना आपली कुशल माणसं परत हवीत, त्यांची अमेरिकेची यादी) निघालं, त्यामुळे बहुतेक ट्रेनींची यातून सुटका झाली. सरकारी पैशावर गेलेल्यांना मात्र ही अट अजूनही लागते. फुकटच्या तिकिटाची ती किंमत समजा.

कार्यक्रम संपल्यावर ३० दिवस मिळतात, ते फिरायला आणि सामान बांधायला. त्या काळात एक शिफ्टही करायची नाही, मॅनेजरने कितीही गोड बोलून विचारलं तरी. मला विचारलं होतं. बँक्वेटसाठीच.