गच्चीवरील टाकीतील पाण्याची पातळी रास्पबेरी पायने कशी मोजावी

अनेक शहरांत आणि गावांत नळाला पाणी दिवसातून तास-दोन तासच येते, आणि उरलेला दिवस घर गच्चीवरच्या टाकीवर चालते. टाकीत नेमके किती पाणी शिल्लक आहे, हे झाकण उघडून पाहिल्याशिवाय कळत नाही. एका छोट्या संगणकाच्या आणि ध्वनिलहरींनी अंतर मोजणाऱ्या सेन्सरच्या मदतीने ही पातळी घरात बसून मोबाइलवर कशी पाहता येईल, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. हे काम हाती घेणारे बहुतेक जण पहिल्याच दिवशी पंपाची मोटार आपोआप चालू-बंद करण्याच्या मागे लागतात. माझे आग्रहाचे सांगणे असे की, आधी फक्त मोजणी करावी, ती काही आठवडे पडताळून पाहावी, आणि आकड्यांवर विश्वास बसल्यानंतरच मोटारीला हात घालावा.

साहित्य आणि निवड

रास्पबेरी पाय हा संगणक पहिल्यांदा फेब्रुवारी २०१२ मध्ये बाजारात आला. त्यानंतर निघालेल्या अनेक आवृत्त्यांपैकी या कामासाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेले ‘झीरो २ डब्ल्यू’ हे छोटे मॉडेल पुरेसे आहे. त्यात चार कोअरचा प्रोसेसर, ५१२ एमबी मेमरी आणि वायफाय आहे. केवळ अंतर मोजायचे असेल, तर याहून स्वस्त मायक्रोकंट्रोलरही (एकच ठरावीक काम करणारी छोटी चिप) चालतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु महिनोन्‌महिन्यांच्या नोंदी ठेवणे, त्यांचा आलेख काढणे आणि तो घरातील कोणत्याही मोबाइलवर दाखवणे ही कामे एकाच जागी करायची असतील, तर संपूर्ण संगणक सोयीचा पडतो; आणि या प्रकल्पाचा खरा लाभ नोंदींतच आहे.

सेन्सर म्हणून सर्वत्र मिळणारा एचसी-एसआर०४ घेऊ नये. त्याचे दोन्ही डोळे उघडे असतात, आणि टाकीतील दमट हवेत ते फार काळ टिकत नाहीत. जेएसएन-एसआर०४टी या सेन्सरचे टोक जलरोधक असून ते वायरीने वेगळ्या सर्किटला जोडलेले असते, त्यामुळे टोक टाकीत आणि सर्किट कोरड्या जागी ठेवता येते. याशिवाय डीएस१८बी२० हा जलरोधक तापमान सेन्सर, १ किलोओहम व २ किलोओहमचा प्रत्येकी एक रेझिस्टर, ४.७ किलोओहमचा एक रेझिस्टर, १६ जीबीचे मेमरी कार्ड, ५ व्होल्ट व २.५ अँपिअरचा चांगला अडॅप्टर, मल्टिमीटर आणि पावसापासून बचाव करणारा प्लास्टिकचा जंक्शन बॉक्स लागेल. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत हे साहित्य मिळते. झीरो २ डब्ल्यूच्या काही प्रतींवर ४० पिनांची पट्टी बसवलेली नसते. सोल्डरिंगचा सराव नसेल, तर पट्टी बसवलेली प्रतच मागून घ्यावी.

संगणक तयार करणे

घरातील नेहमीच्या संगणकावर रास्पबेरी पाय इमेजर हा प्रोग्रॅम उतरवून घ्यावा, आणि त्याच्या साहाय्याने कार्डावर ऑपरेटिंग सिस्टिमची ‘लाइट’ आवृत्ती लिहावी, कारण या कामाला पडदा, कीबोर्ड किंवा डेस्कटॉप लागत नाही. कार्ड लिहिण्यापूर्वीच इमेजरमध्ये वापरकर्त्याचे नाव, पासवर्ड, वायफायची माहिती आणि एसएसएचची (दुसऱ्या संगणकावरून आज्ञा देण्याच्या सोयीची) परवानगी भरून ठेवावी. २०२२ पासून या सिस्टिममध्ये ठरावीक नाव-पासवर्ड आयता मिळत नाही, त्यामुळे ही पायरी वगळली तर पडद्याविना पुढे जाता येत नाही. या मॉडेलला फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचे वायफाय दिसते, हेही ध्यानात ठेवावे. राउटरवर केवळ ५ गिगाहर्ट्‌झ चालू असेल, तर सर्व माहिती बरोबर भरूनही जोडणी होणार नाही.

जोडणी

येथे घाई करू नये. सेन्सर ५ व्होल्टवर चालतो आणि त्याचा ‘इको’, म्हणजे प्रतिध्वनीचा, संकेतही ५ व्होल्टचाच असतो. रास्पबेरी पायच्या पिना मात्र ३.३ व्होल्टच्या आहेत, आणि ५ व्होल्ट थेट दिल्यास ती पिन, प्रसंगी अख्खा प्रोसेसर, कायमचा बिघडू शकतो. म्हणून दोन रेझिस्टरांचा व्होल्टेज डिव्हायडर करावा. इकोची वायर १ किलोओहमच्या एका टोकाला जोडावी, त्याचे दुसरे टोक २ किलोओहमला जोडावे, आणि २ किलोओहमचे उरलेले टोक ग्राउंडला द्यावे. दोन रेझिस्टर जिथे मिळतात, त्या बिंदूवरून पिनेला वायर न्यावी. त्या बिंदूवर ५ व्होल्टचे दोन तृतीयांश, म्हणजे सुमारे ३.३ व्होल्ट येतात. २ किलोओहमचा रेझिस्टर मिळाला नाही, तर १ किलोओहमचे दोन एकापुढे एक जोडले तरी चालतात.

पिनेला वायर लावण्याआधी एक चाचणी अवश्य करावी. इकोच्या जागी डिव्हायडरला थोडा वेळ संगणकाचेच ५ व्होल्ट द्यावेत आणि मधल्या बिंदूचे व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावे. ते ३.३ च्या आसपास आले, तरच पुढे जावे. ५ दिसले, तर ग्राउंडची बाजू सुटलेली आहे, आणि सुमारे १.७ दिसले, तर रेझिस्टरांची अदलाबदल झाली आहे, असे समजावे. त्यानंतर वीज बंद करून सेन्सरचे ५ व्होल्ट पिन क्रमांक २ ला, ग्राउंड ६ ला, ‘ट्रिगर’ (मोजणी सुरू करण्याचा संकेत) १६ ला, म्हणजे प्रोग्रॅममध्ये ज्याला जीपीआयओ २३ म्हणतात त्या पिनेला, आणि डिव्हायडरचा मधला बिंदू १८ ला, म्हणजे जीपीआयओ २४ ला जोडावा. तापमान सेन्सरला पिन १ वरून ३.३ व्होल्ट, पिन ९ वरून ग्राउंड द्यावे आणि त्याची संकेताची वायर पिन ७ ला लावावी. ती वायर आणि ३.३ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर हवा. सिस्टिमच्या सेटिंगमध्ये ‘वन-वायर’ सुरू केल्याखेरीज हा सेन्सर दिसत नाही.

प्रोग्रॅम आणि टेबलावरची चाचणी

मोजणीचे तत्त्व सोपे आहे. संगणक ट्रिगरवर सुमारे १० मायक्रोसेकंदांचा संकेत देतो, सेन्सर ४० किलोहर्ट्‌झच्या, म्हणजे आपल्याला ऐकू न येणाऱ्या, ध्वनीचा झोत सोडतो, आणि इकोची पिन जितका वेळ चढलेली, म्हणजे व्होल्टेज असलेली, राहते, तितका वेळ ध्वनीला पाण्यापर्यंत जाऊन परत यायला लागलेला असतो. या वेळेला ध्वनीच्या वेगाने गुणून दोनाने भागले की अंतर मिळते. १ सेंटिमीटर अंतराला जाऊन-येऊन सुमारे ५८ मायक्रोसेकंद लागतात.

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतील जीपीआयओझीरो या लायब्ररीत (तयार प्रोग्रॅमच्या संचात) अंतर मोजण्याची सोय आयती आहे, आणि नवशिक्याने तीच वापरावी. तिच्यात कमाल अंतर मुळात १ मीटर ठरवलेले असते. ते आपल्या टाकीच्या उंचीप्रमाणे वाढवले नाही, तर टाकी रिकामी होत आली तरी आकडा १ मीटरपुढे सरकत नाही, आणि दोष सेन्सरचा वाटतो. दुसरी बाब अशी की, हा संगणक एका वेळी अनेक कामे करतो, त्यामुळे वेळ मोजताना शंभरेक मायक्रोसेकंदांचा फरक सहज पडतो आणि एखादे वाचन दोन सेंटिमीटरने चुकते. यासाठी प्रत्येक वेळी पंधरा-वीस वाचने घेऊन त्यांची सरासरी न काढता मध्यक घ्यावा, म्हणजे वाचने चढत्या क्रमाने लावून मधले उचलावे. सरासरीला एक भरकटलेले वाचनही ओढून नेते. मध्यक त्याला दाद देत नाही.

सेन्सर गच्चीवर नेण्यापूर्वी घरातच मोकळ्या भिंतीसमोर ३०, ५० आणि १०० सेंटिमीटरवर ठेवून टेपने पडताळावा. २० ते २५ सेंटिमीटरपेक्षा जवळची वस्तू या सेन्सरला नीट मोजता येत नाही, हेही याच वेळी स्वतः पाहून घ्यावे, कारण पुढची बसवणी त्यावरच अवलंबून आहे.

तापमानाची दुरुस्ती

ज्या पायरीला बहुतेक जण फाटा देतात आणि जिच्यावर साऱ्या मोजणीची विश्वासार्हता अवलंबून आहे, ती पायरी ही. हवेतील ध्वनीचा वेग तापमानाप्रमाणे बदलतो: ३३१.३ मध्ये तापमानाच्या ०.६०६ पट मिळवली, की दर सेकंदाला मीटरमध्ये वेग मिळतो. २० अंश सेल्सिअसला तो सुमारे ३४३ असतो आणि ४० अंशांना ३५५. काळ्या प्लास्टिकच्या टाकीतील हवा उन्हाळ्यातील दुपारी सहज ४० अंशांच्या पुढे जाते. पाणी सेन्सरपासून १२० सेंटिमीटर खाली असेल आणि प्रोग्रॅममध्ये वेग ३४३ असाच धरलेला असेल, तर अंतर ११६ सेंटिमीटर दिसते. ११० सेंटिमीटर आतल्या व्यासाच्या गोल टाकीत १ सेंटिमीटर उंची म्हणजे सुमारे ९.५ लिटर पाणी. म्हणजे केवळ उष्णतेमुळे अडतीस लिटर पाणी जास्त असल्याचा भास होतो.

रात्रीची चूक याच्या उलट आणि अधिक फसवी असते. हवा २८ अंशांवरून २० अंशांवर उतरली की ध्वनी मंदावतो, प्रतिध्वनी उशिरा येतो, आणि पाणी जागच्या जागी असूनही पातळी खाली जात असल्याचे दिसते. १ मीटर अंतराला हा फरक सुमारे १.४ सेंटिमीटर, म्हणजे तेरा लिटर होतो. आलेख पाहणाऱ्याला हुबेहूब गळती वाटते. म्हणून तापमान सेन्सर झाकणाखाली, टाकीतील हवेत लटकवावा आणि प्रत्येक मोजणीच्या वेळी त्या क्षणाचा वेग काढून अंतर दुरुस्त करावे. लायब्ररीने दिलेल्या अंतराला खऱ्या वेगाने गुणून तिने धरलेल्या वेगाने भागले की दुरुस्ती पूर्ण होते.

टाकीवर बसवणे

टाकी काठोकाठ भरली असताना पाणी आणि सेन्सर यांच्यात किमान २५ सेंटिमीटर अंतर राहिले पाहिजे. ओव्हरफ्लोच्या नळीपासून झाकणापर्यंतची उंची मोजावी. ती कमी पडत असेल, तर झाकणावर चार इंची पीव्हीसी पाइपचा आखूड तुकडा बसवून सेन्सर त्याच्या वरच्या टोकाला लावावा. झाकणाचे छिद्र पाइपच्या आतल्या व्यासाइतकेच कापावे. आत कड राहिली, तर प्रतिध्वनी तिच्यावरूनच परततो. ध्वनीचा झोत पुढे जाताना पसरतो, म्हणून सेन्सर टाकीच्या भिंतीपासून, फ्लोट व्हॉल्व्हपासून आणि पाणी पडणाऱ्या नळापासून होईल तितका दूर ठेवावा, आणि तो अगदी सरळ खाली पाहील, हे स्पिरिट लेव्हलने तपासावे. सर्व फटी सिलिकॉनने बंद कराव्यात. डेंग्यूचे डास मुख्यतः साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात. मोजणीच्या सोयीसाठी झाकण किंचित उघडे ठेवणे कोणत्याही परिस्थितीत योग्य नाही.

संगणक आणि सेन्सरचे सर्किट जंक्शन बॉक्समध्ये ठेवून तो बॉक्स जिन्यावरील छपराखाली सावलीत लावावा. वायरी बॉक्सच्या खालच्या बाजूने आत घ्याव्यात, म्हणजे पावसाचे पाणी वायरीवरून ओघळून आत शिरत नाही. २३० व्होल्टच्या वायरींपासून सेन्सरची वायर वेगळी न्यावी. यानंतर रिकाम्या टाकीत सेन्सरपासून तळापर्यंतचे अंतर मोजून ते प्रोग्रॅममध्ये लिहावे, आणि पाणी भरताना दोन वेगळ्या पातळ्यांना लाकडी पट्टी बुडवून आकडे ताडून पाहावेत.

वीज जाण्याची तयारी

वीज अचानक गेली आणि त्याच क्षणी कार्डावर काही लिहिले जात असेल, तर कार्डावरील माहिती खराब होऊन संगणक पुन्हा सुरूच होत नाही. सिस्टिमच्या सेटिंगमधील ‘ओव्हरले फाइल सिस्टिम’ चालू केली, की कार्डावर काहीही लिहिले जात नाही आणि हा धोका बराच टळतो. मात्र मग नोंदीही कार्डावर राहत नाहीत. त्या वेगळ्या पेन ड्राइव्हवर तासातून एकदा लिहाव्यात किंवा घरातील दुसऱ्या संगणकाकडे पाठवाव्यात. ही व्यवस्था सगळा प्रोग्रॅम नीट चालू लागल्यावर, शेवटी करावी. वीज परत आल्यावर प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हावा, म्हणून त्याची सिस्टिम-डी सेवा (संगणक सुरू होताच प्रोग्रॅम चालू करणारी सोय) तयार करावी.

नोंदी वाचणे

दर पाच मिनिटांनी एक मोजणी पुरते. पाणी कमी झाल्याची सूचना हवी असेल, तर दोन मर्यादा ठेवाव्यात: पातळी २५ टक्क्यांखाली गेली की सूचना द्यावी, आणि ती ३५ टक्क्यांवर चढेपर्यंत दुसरी देऊ नये. एकच मर्यादा ठेवली, तर पाण्याच्या हेलकाव्यांमुळे सूचनांचा भडिमार होतो.

आलेखात सर्वांत अधिक लक्ष द्यावे ते रात्री दोन ते चारच्या पट्ट्याकडे. त्या वेळी कोणी पाणी वापरत नाही, म्हणून रेषा आडवी असायला हवी. तापमानाची दुरुस्ती केल्यानंतरही ती रोज रात्री उतरत असेल, तर फ्लशच्या टाकीतील झडप, एखादा नळ किंवा भिंतीतील पाइप गळत आहे. तासाला फक्त १ सेंटिमीटर उतार असला, तरी वरच्या मापाच्या टाकीत दिवसाला सव्वादोनशे लिटरांहून अधिक पाणी वाया जाते. अशी बारीक गळती डोळ्यांना दिसत नाही. आलेखात मात्र ती स्पष्ट दिसते. नक्की कुठे गळते, हे शोधण्यासाठी एकेका रात्री एकेका शाखेचा व्हॉल्व्ह बंद ठेवून रेषा पाहावी.

मोटारीकडे वळताना

काही आठवडे आकडे पट्टीच्या मापाशी जुळत राहिले, मग मोटारीचा विचार करावा. संगणकाच्या पिनेतून १६ मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह घेऊ नये आणि साध्या ५ व्होल्टच्या रिलेलाही (विजेच्या संकेताने चालणाऱ्या स्विचलाही) त्याच्या कितीतरी पट लागतो, म्हणून ऑप्टोकपलर (प्रकाशाद्वारे संकेत पोहोचवून दोन सर्किटे वेगळी ठेवणारा भाग) असलेले रिले मॉड्यूल वापरावे. पंप सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो. त्यासाठी छोटा रिले पुरत नाही. रिलेने योग्य क्षमतेचा कॉन्टॅक्टर (मोठा प्रवाह पेलणारा मोठा रिले) चालवावा आणि मोटार कॉन्टॅक्टरवरून चालावी. २३० व्होल्टचे हे सर्व काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. प्रोग्रॅममध्ये मोटार सलग चालण्याची कमाल वेळ ठरवून द्यावी, आणि सेन्सरकडून वाचन आले नाही, तर मोटार बंद राहील, असेच लिहावे. याखेरीज टाकीच्या वरच्या पातळीला एक साधा फ्लोट स्विच लावून तो कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वाटेत एकसरीत जोडावा, म्हणजे संगणक अडकून पडला तरी टाकी भरताच मोटार थांबेल. हे खरोखर घडते की नाही, हे पाहण्यासाठी मोटार चालू असताना फ्लोट हाताने उचलून पाहावा, आणि नंतर पुन्हा मोटार चालू करून संगणकाची वीजच काढून पाहावी. दोन्ही वेळा मोटार बंद पडली, तरच यंत्रणा घरातल्यांच्या हाती सोपवावी.