‘पेशंटचं करतं कोण?’ हे विचारायला शिकवा: आशा, एएनएम, सीएचओंच्या प्रशिक्षणातल्या या चुका टाळा

गावातल्या आशाताई, एएनएम (उपकेंद्राच्या नर्स) आणि सीएचओ (उपकेंद्रातले आरोग्य अधिकारी) यांना मी शिकवते. मागच्या हिवाळ्यात अमळनेरकडच्या एका गावात आशाताईंबरोबर घरभेटीला गेले होते. लकवा झालेले बाबा खाटेवर. ताईंनी बीपी मोजलं, गोळ्या पाहिल्या आणि सुनेला बजावलं, “दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतील.” सून “हो” म्हणाली. तिच्या मनगटाला फडकं बांधलेलं होतं, डोळे जागरणाने लाल. त्याबद्दल आम्ही कुणीच काही विचारलं नाही. ताईंना दोष कसा देऊ? कूस बदलायचं मीच शिकवलं होतं, सुनेबद्दल अवाक्षर शिकवलं नव्हतं.

फॉर्म भरला म्हणजे झालं असं समजणं

सीबॅक म्हणजे घरोघरी आजारांची जोखीम तपासायचा फॉर्म. त्यात साठीपुढच्या माणसाला रोजच्या कामात दुसऱ्याची मदत लागते का, हे विचारलेलं आहे. ‘हो’वर खूण केली की ताई पुढच्या घरी. मदत करतं कोण, हा प्रश्न छापलेलाच नाही. बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जायचं, हे ताई झोपेतून उठवलं तरी सांगतील. लकव्याचा पेशंट सिव्हिलमधून घरी आला तर कधी जायचं, याचं असं पाठ वेळापत्रक कुणाकडे नाही.

यावर उपाय साधा आहे. समासात करणारीचं नाव आणि नातं लिहायला लावा. सून तिशीपुढची असेल तर तिचा स्वतःचा सीबॅक भरायचाच असतो, पण “ती तर धडधाकट आहे” म्हणून तो राहून जातो. त्यात मन उदास राहतं का, कशात रस वाटेनासा झालाय का, असे दोन प्रश्नही आहेत. ते तिला विचारा.

सल्ला देताना घड्याळ न बघणं

दर दोन तासांनी कूस म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा चार-पाच वेळा उठणं. वर सकाळी कापूस वेचायला जायचं. वर्गात हा हिशेब फळ्यावर मांडा. मग ताई आपणहून विचारतात की मुलगा एक पाळी घेईल का, जाड फोमची किंवा हवेची गादी मिळाली तर रात्रीचं अंतर वाढवता येईल का. हा शेवटचा प्रश्न डॉक्टरांना ताईंनीच विचारून द्यावा, तो सुनेवर सोडू नये.

नुसतं तोंडी सांगणं

माझी सगळ्यात मोठी चूक हीच. ‘पेशंट कसा उचलावा’ यावर माझ्या बारा स्लाइड होत्या. आता सतरंजीवर एका ताईला झोपवते आणि जुन्या लुगड्याची चौपदरी घडी तिच्या खांद्यापासून मांडीपर्यंत सरकवते. दोघी दोन बाजूंनी घडी गुंडाळून धरतात, गुडघे वाकवतात आणि “एक, दोन, तीन” म्हणून वर सरकवतात. मग तेच काम एकटीने करायला लावते. कमरेत कळ आली की ताई म्हणतात, “अय माय, हे ती रोज करते?” नंतर काही समजावून सांगावं लागत नाही. लकव्याच्या हाताला धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो, हेही इथेच हातानं दाखवा. सुंभाच्या खाटेला झोळ असेल तर गादीखाली फळी टाकायची, हे मात्र मला एका ताईनेच शिकवलं.

सासूसमोर विचारणं

सगळ्यांदेखत “त्रास होतो का?” विचारलं तर सून “नाही” म्हणणार, दुसरं काय म्हणणार? ती चहा टाकायला उठली की मागोमाग जा. तिथे पुस्तकी मराठी बाजूला ठेवा. “तुला पुरेशी विश्रांती मिळते का?” याला मान हलते. “रातले झोप लागस का व माय?” असं अहिराणीत म्हटलं की ती बोलते. धडगाव-अक्कलकुव्याकडे अहिराणीही कामाची नाही. तिथे भिली नाहीतर पावरी येणारी ताईच पुढे हवी.

आणि “किती पुण्याचं काम करतेस!” हे वाक्य तर बंदच करा. पुण्यवान बाईला मग “माझ्याच्यानं होत नाही” असं म्हणायची सोय उरत नाही.

विचारून हात हलवत परतणं

ती रडली तर पुढे काय, हे ताईंना माहीत हवं. मनाच्या त्रासासाठी टेली-मानस हेल्पलाइनचा 14416, ज्येष्ठांच्या अडचणींसाठी एल्डरलाइनचा 14567, दोन्ही फुकट. अपंगत्वाचं प्रमाणपत्र राहिलं असेल तर त्याच भेटीत कागद बघा. दुसऱ्या जावेशी किंवा नणंदेशी बोलून आठवड्यातली एक दुपार सोडवता आली तर तेही करा. पुष्कळदा तेच जास्त उपयोगी पडतं.

कापूस वेचणीच्या दिवसांत प्रशिक्षणाची बॅच ठेवू नका, एवढं सांगून पुरे.

शेवटच्या चाचणीत मी हल्ली एक प्रश्न वाढवलाय: तुमच्या भागात अंथरुणावर असलेला एक पेशंट आठवा, त्याच्यासाठी रात्री कोण उठतं? काही ताई तिथे जागा कोरी सोडतात. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन येतो, त्या त्या घरी जाऊन आलेल्या असतात.