भरलेली डबल ट्रॉली उतारावरून कशी उतरवावी

हंगाम सुरू झाला की दरवर्षी एखादा नवा पोरगा उसाच्या ट्रॅक्टरवर बसतो. त्याला पहिल्याच दिवशी सगळे विचारतात, "ओढतोय का?" हा प्रश्नच चुकीचा आहे. ५० एचपीचा ट्रॅक्टर सपाटीला दोन ट्रॉल्या ओढणारच. विचारायचं ते हे, की थांबवतोय का? ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन साधारण २ टन आणि मागं दोन ट्रॉल्यांत मिळून १५ ते २० टन ऊस. म्हणजे ओढणाऱ्यापेक्षा ओढलं जाणारं सात-आठपट, कधी दहापट जड. कोल्हापूरकडच्या भोगावती-तुळशी नद्यांच्या खोऱ्यात १४ हंगाम मी हेच काम केलं आहे. माळावरचा ऊस भरायचा, खाली ओढ्यापर्यंत उतरायचं, पूल ओलांडायचा, पुन्हा चढायचं. त्यातलं उतरणं मला शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला, म्हणून बाकीचं थोडक्यात आटोपतो.

हवा, ऑइल, टायर बघितलेले असणार हे धरून चालतो. एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. शेतात वळताना एकच पेडल दाबायची सवय असते आणि त्यासाठी दोन पेडलांमधली पट्टी काढून ठेवलेली असते. डांबरीवर यायच्या आधी ती पट्टी अडकवा. सुटे पेडल ठेवून जोरात ब्रेक मारला तर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर जागच्या जागी आडवा वळतो.

जोडणी

हुकाला कारखान्यात घडवलेली पिनच वापरा. हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट पिनेच्या जागी घालणाऱ्याच्या मागं मी माझी मोटारसायकलही चालवणार नाही. पिनेला खालून क्लिप, आणि दोन्ही जोडांना जाड साखळी. ट्रॉलीचा दांडा नेहमी खालच्या हुकातच अडकवा. टॉपलिंकच्या, म्हणजे अवजारं जोडायच्या वरच्या दांडीच्या उंचीला बांधला तर चढावर पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर मागं उलटतो.

भरणी

जड ट्रॉली पुढं, हलकी मागं. मागची जड असली तर वळणावर आणि उतारावर ती पुढचीला ढकलत आडवी नेते. तोडणी टोळीला घाई असते, कारण त्यांचा हिशेब टनावर असतो. मागच्या ट्रॉलीवर आणखी चार मोळ्या चढवू द्या म्हणून मुकादम सांगणारच. नाही म्हणा. दोन चाकांची ट्रॉली असेल तर वजन धुऱ्याच्या थोडं पुढं यायला हवं, म्हणजे दांडा हुकावर दबून राहतो. वजन मागं गेलं तर दांडा वर उचलतो, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि ब्रेक लावूनही चाक नुसतं घसरतं.

शेतातून रस्त्यावर एकेक ट्रॉली बाहेर काढा आणि रस्त्यावर जोडा. क्लच सावकाश सोडा. एवढंच.

उतार

सपाटीला आणि चढाला ट्रॅक्टर ट्रॉलीला ओढतो. उतारावर ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते, आणि ते ढकलणं येतं हुकावर, म्हणजे मागच्या चाकांच्याही मागं. ट्रॅक्टर आणि ट्रॉली सरळ रेषेत असतील तोवर तो धक्का सरळ पुढं जातो. जरा वाकडेपणा आला की तोच धक्का ट्रॅक्टरचं बूड बाजूला फेकतो आणि सगळी गाडी अडकित्त्यासारखी मिटते. त्यात आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना आणि ट्रॉल्यांना अजिबात नाही. वीस टन दोन चाकांवर थांबवायचे आहेत, हे डोक्यात ठेवूनच उताराला लागा.

म्हणून सगळा निर्णय उताराच्या वर, सपाटीवर घ्यायचा. गाडी पूर्ण थांबवा. ज्या गिअरात हाच रस्ता भरल्या गाडीनं चढला असता, त्याच्याही एक खालचा गिअर टाका, लो रेंजमध्ये. हॅण्ड ॲक्सिलेटर पूर्ण कमी करा. डिफरन्शियल लॉक, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकत्र बांधणारा लॉक, सुटलेला आहे ना, बघा. मग क्लच सोडा, आणि उतार संपेपर्यंत डावा पाय क्लचच्या पेडलवर ठेवूसुद्धा नका. फूटबोर्डवर ठेवा.

हे शेवटचं वाक्य मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तिसऱ्या हंगामात, डिसेंबरच्या एका पहाटे, मी तोच ओढ्याकडचा उतार वरच्या गिअरात सुरू केला. निम्म्यात वेग वाढला तसा खालचा गिअर टाकावा म्हणून क्लच दाबला. क्लच दाबला म्हणजे इंजिन चाकांपासून सुटलं, आणि वीस टनांना धरून ठेवणारी एकमेव गोष्ट गेली. बऱ्याच ट्रॅक्टरचा गिअर चालत्या गाडीत पडत नाही. दात किरकिरले, गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये अडकला तो अडकलाच. हुकाचा ठक ठक आवाज बंद झाला होता, कारण दोन्ही ट्रॉल्या आता सलग रेटत होत्या. स्टिअरिंग एकदम हलकं लागायला लागलं. पुढं पूल आणि पुलावर बैलगाडी. डाव्या हाताला नुकतीच नांगरट झालेलं रान होतं. वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच मी ती तिरकी रानात घातली. ढेकळांत चाकं रुतली, मागची ट्रॉली कलंडली, ऊस बांधावर पसरला. बैलगाडीवाल्यानं बैल सोडून आधी माझ्याकडं धाव घेतली. त्या दिवसापासून उतारावर क्लचला माझा पाय लागलेला नाही.

इंजिनच्या आवाजाकडं लक्ष द्या. खालच्या गिअरात ॲक्सिलेटर सोडलेलं असताना आवाज एका पट्टीत राहिला तर गाडी इंजिननं धरली आहे. आवाज चढायला लागला की लगेच, गाडी सरळ असताना, ब्रेकची दोन्ही पेडल दाबून वेग पाडा आणि सोडून द्या. पुन्हा चढला की पुन्हा. पाय सतत ब्रेकवर ठेवला तर लायनर तापतात आणि नेमके खाली पुलाजवळ, गरजेच्या वेळी, धरत नाहीत. वळणात ब्रेक मारायचा नाही. वेग वळणाच्या आधीच पाडायचा. टेप मोठ्यानं लावणाऱ्यांना मला एवढंच सांगायचं आहे, की उतारावर इंजिनचा आवाज हाच तुमचा मीटर असतो आणि मागून येणाऱ्याचा हॉर्न हीच तुमची मागची नजर. उसाच्या उंचीमुळं आरशात काही दिसत नाही. उताराला लागायच्या आधी टेप बंद करा.

आता चुकीच्या सल्ल्यांबद्दल. "न्यूट्रल टाक, डिझेल वाचतंय" हा सगळ्यात घातक सल्ला आहे आणि मुळात खोटाही आहे. गिअरात, ॲक्सिलेटर सोडून उतरताना गाडीच इंजिनाला फिरवत असते, तेव्हा डिझेल पंपाचा गव्हर्नर, म्हणजे इंजिनचा वेग बघून डिझेल कमी-जास्त करणारा भाग, डिझेल जवळजवळ बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहायला डिझेल लागतंच. वाचत काही नाही, हातातून गाडी तेवढी जाते.

दुसरा सल्ला: क्लीनरनं उटी, म्हणजे चाकाला अडवायचा लाकडी ठोकळा, घेऊन ट्रॉलीशेजारून पळायचं आणि वेग वाढला की चाकाखाली टाकायची. हे मी माझ्या गाडीवर कधीही करू दिलं नाही. चालत्या चाकाखाली हात घालणारं पोरगं आपल्याच घरातलं असतं, नाहीतर बीडकडून टोळीबरोबर आलेलं असतं. उटी थांबलेल्या गाडीसाठी आहे. उताराला लागताना मडगार्डवर, दांड्यावर, उसावर कुणीही नको. क्लीनर चालत खाली येईल.

आणि उतार खरंच तीव्र असेल, किंवा रस्त्यावर चिखल, मळी किंवा पडलेला पाला असेल, तर मागची ट्रॉली वर सोडा आणि एकेक करून उतरवा. वरच्या ट्रॉलीच्या चारी चाकांना उट्या लावल्याशिवाय पिन काढू नका. यात अर्धा-पाऊण तास जातो. कारखान्यावर नंबर मागं जातो, हे मला माहीत आहे. वजनकाट्यासमोर रात्ररात्र मीही काढल्या आहेत. तरीही एकेकच उतरवा. नवी ट्रॉली करून घेणार असाल तर तिला ब्रेक बसवूनच घ्या, पैसे रंगावर आणि झालरीवर घालवण्याआधी.

ओढ्यातून, पाण्यातून गाडी काढली असेल तर पुढच्या उताराआधी सपाटीला दोन-तीनदा हलका ब्रेक दाबून बघा. ओले ब्रेक पहिल्यांदा धरत नाहीत.

समजा, सगळं करूनही गाडी सुटली. तेव्हा गिअर शोधत बसू नका. दोन्ही हात स्टिअरिंगवर, गाडी सरळ, ब्रेकची दोन्ही पेडल दाबा-सोडा, दाबा-सोडा. बाजूला नांगरट, बांध, मातीचा ढीग जे मऊ असेल तिकडं तिरकी, कमी कोनात न्या. एकदम वळवली तर उलटते. उडी मारायचा विचार मनात येतो. उडी मारणारा बहुतेक वेळा मागच्या ट्रॉलीच्या चाकाखालीच येतो.

वळणं आणि मागं घेणं

वळताना पुढची ट्रॉली ट्रॅक्टरपेक्षा आत येते आणि मागची तिच्याहून आत. चौकात कोपऱ्याजवळ थांबलेला मोटारसायकलवाला तुम्हाला दिसत नाही. लांब जाऊन रुंद वळा. दोन ट्रॉल्या मागं घेता येत नाहीत, मागची सोडा.

थांबणं

रस्त्यावर थांबायची वेळ आली तर ट्रॅक्टर आणि दोन्ही ट्रॉल्या पूर्ण बाजूपट्टीवर घ्या. उसाचे शेंडे मागं लोंबतात आणि टेललाइट झाकून टाकतात. म्हणून लाल रिफ्लेक्टरची पट्टी ट्रॉलीच्या सांगाड्यावर खाली लावाच, आणि एक रिफ्लेक्टर दोरीनं उसाच्या बाहेर, मोटारसायकलवाल्याच्या नजरेच्या उंचीला बांधा. रात्री पंक्चर काढताना मागं पन्नास पावलांवर माणूस बॅटरी घेऊन उभा करा.

चाकाला लावलेला दगड गाडी हलल्यावर तसाच रस्त्यात सोडून जाणं हे तर मला सहनच होत नाही. अंधारात त्यावर दुचाकी आदळते. आम्ही दगड वापरत नाही. बाभळीच्या लाकडाच्या चार उट्या करून घेतल्या आहेत, प्रत्येकीला भोक पाडून हातभर दोरी, आणि दोरीचं दुसरं टोक ट्रॉलीच्या कडीला. निघताना क्लीनर चारी उट्या काढून कडीजवळच्या खोक्यात टाकतो आणि चार मोजून झाल्यावरच मला हात करतो.